डाव्या बटणाची पाचर

ओव्हाळ आमच्या कंपनीत नऊ वर्षं सुरक्षा अधिकारी होते. या नऊ वर्षांत मी त्यांना किती वेळा ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगितलं असेल, देव जाणे. त्यातल्या निम्म्या वेळा साहेब आत एकटेच बसून मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत असायचे. हे ओव्हाळांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी ते ‘बरं, बरं’ म्हणायचे, माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसायचे आणि वेळ जावा म्हणून टेबलाखालच्या वायरी न्याहाळत राहायचे.

माणसांबद्दल माझं मत चटकन होतं. हा दुर्गुण आहे असं माझी मुलगी म्हणते. असेल. पण साहेबांच्या केबिनबाहेर वीस वर्षं बसल्यावर दारातून येणारा माणूस पगारवाढ मागायला आलाय की दुसऱ्याची चुगली करायला, हे मला त्याच्या चपलांच्या आवाजावरून कळतं. ओव्हाळांच्या बाबतीत मात्र माझी ही विद्या चालली नाही. ते साधे होते की खोल, हे ते रोज समोर बसत होते तेव्हा कळलं नाही, आणि आता नोकरी सोडून गेल्यावर तर माझा सगळाच गोंधळ उडालेला आहे.

कंपनी आमची सुदुंबऱ्याच्या बाजूला. पत्रा कापायचा, वाकवायचा, त्याचे गाड्यांना लागणारे लहानमोठे भाग करायचे, हे काम. मी लोणावळ्याहून कंपनीच्या बसने यायची. ओव्हाळ बेडशाचे. ते स्कूटरवरून कामशेतपर्यंत यायचे आणि तिथे बसमध्ये चढायचे. चढले की ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरायचे, तो थेट सुदुंबऱ्यात सोडायचे. बस रिकामी असो, रस्ता गुळगुळीत असो, दांडा सुटायचा नाही. पोरं हसायची. एकदा मीही विचारलं की अहो, जरा हात मोकळे सोडून बसा, सुखाने. तर म्हणाले, सुखानेच बसलोय.

उंची बेताची, अंगाने सडपातळ, कपाळावर हेल्मेटचा कायमचा वळ. पायात पुढे लोखंडी टोपी असलेले कंपनीचे बूट. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला हा माणूस तेच बूट पॉलिश करून आला होता. कुणाला भेटले की आधी हातांकडे बघायचे, मग तोंडाकडे. शॉपमधला, म्हणजे मशिनं चालतात त्या शेडमधला, कोण कोण हे ते बोटांवरून ओळखत असावेत असा मला संशय आहे.

बोलण्याची त्यांची दोन खाती होती. साहेबांसमोर ‘मला असं सुचवायचं आहे की’ अशी पुस्तकी भाषा. ती बोलताना त्यांच्या मानेवर घाम यायचा. शॉपमध्ये आणि बसमध्ये बेडशाची भाषा. आणि खरं काय ते सांगायचं असलं की कुणासमोरही बेडशाचीच. एकदा मी चेष्टेने म्हणाले की ओव्हाळ, अपघात काय, होतात हो, कुणाच्या हातात असतं का? त्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, “अपघात अचानक होत न्हाई, ताई. तो आदीच ठरल्याला असतो. निस्ती तारीख ठरायची राह्यल्याली असती.”

मला अशी वाक्यं ऐकली की राग येतो. सकाळी सकाळी कशाला! पण दिवसभर ते डोक्यातून जात नाही, हेही खरं.

माझ्या बाबतीत एकदा काय झालं, ते सांगते. वरच्या फळीवरची फाइल काढायला मी चाकाच्या खुर्चीवर चढले होते. ओव्हाळ दारातून आले. येऊन खुर्ची घट्ट धरली आणि मी उतरेपर्यंत जमिनीकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी कपाटाला टेकून एक घडीची छोटी शिडी उभी. मला इतका संताप आला की तीन दिवस मी मुद्दाम खुर्चीवरच चढले. चौथ्या दिवशी शिडी वापरली. त्यांनी ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं, त्याचा आणखी वेगळा राग आला.

आता याच माणसाचं दुसरं रूप ऐका. एका रविवारी ऑफिसमधले आम्ही सात-आठ जण बेडशाची लेणी बघायला गेलो होतो. गाव त्यांचंच, म्हणून तेही आले. पायऱ्या चढताना प्रत्येकाला ‘कडंनं चला, निसरडं हाय’ असं सांगत होते. वर पोचलो, लेणं बघून झालं, आणि बघते तर ओव्हाळ बूट काढून कातळाच्या अगदी टोकाला पाय खाली सोडून बसलेले. खाली सगळी दरी. मी म्हणाले, हे काय, आम्हाला एक न्याय आणि तुम्हाला एक? ते म्हणाले, हा दगड त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे, तो सकाळी एक आणि दुपारी एक असं वागत नाही. मशीनचं तसं नाही. मशीन कितीही वर्षांचं ओळखीचं असलं तरी त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. हे पटण्यासारखं होतं की नुसती पळवाट होती, हे मला ठरवता आलं नाही. खाली उतरल्यावर त्यांनी घरी नेऊन चहा पाजला आणि कप उचलायच्या आधी प्रत्येकाला ‘गरम हाय’ म्हणून बजावलं.

आता त्या पाचरीचं सांगायला हवं, कारण ओव्हाळांची सगळी नऊ वर्षं तिच्यात गेली.

आमच्या प्रेस शॉपमध्ये जुनी प्रेस मशिनं आहेत. प्रत्येकाला पुढे दोन बटणं, एक डावं, एक उजवं, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोका खाली येतो. हेतू हा की ठोका पडताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर, म्हणजे लांब असावेत. पण दोन्ही हात बटणांवर ठेवले तर पत्रा सरकवायचा कुणी? त्यात वेळ जातो, आणि दिवसाचं टार्गेट तर ठरलेलं. म्हणून शॉपमध्ये सगळ्यांनी एक युक्ती काढली होती. डावं बटण आत दाबायचं आणि त्याच्या कडेला लाकडाची बारकी पाचर ठोकायची. बटण दाबलेलंच राहतं. मग उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने पत्रा. काम दीडपट. डावा हात मात्र ठोक्याच्या खाली.

प्रत्येकाची पाचर वेगळी असायची. कुणाची बांबूची, कुणाची बाभळीची. सुदुंबऱ्याच्या मंदामावशी सर्वांत जुन्या प्रेसवर वॉशर कापायच्या. त्यांची पाचर मोडक्या लाटण्याच्या मुठीची होती, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. ओव्हाळ रोज पाचरी काढायचे, एका डब्यात घालायचे आणि डबा माझ्या टेबलावर आणून ठेवायचे, साहेबांना दाखवायला. दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये नव्या पाचरी तयार.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगून ठेवते. खंडाळ्याच्या बंगल्यातून रोज नऊच्या ठोक्याला कंपनीत. वडिलांनी एका प्रेसवर सुरू केलेला कारखाना त्यांनी इथवर आणला. कामगारांच्या मुलींची लग्नं त्यांना तोंडपाठ. ओव्हाळ यायच्या आधी एका माणसाची दोन बोटं गेली होती, त्याला साहेबांनी गेटवर कायमची नोकरी दिली, दवाखान्यात स्वतः बसून राहिले. ओव्हाळांना याचंच कोडं पडायचं. बोटं गेल्यावर या कंपनीत सगळं मिळतं, ती जायच्या आधी मात्र ‘बघू’. साहेब कधीही नाही म्हणत नसत, हीच तर अडचण होती. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं.

ओव्हाळांचं मागणं मोठं नव्हतं. दर दिवसाचं टार्गेट दोन हातांनी जमेल एवढं खाली आणा, आणि डाव्या बटणात पाचर असलेलं मशीन कुणीही थांबवलं तर त्याला कुणी बोलायचं नाही, एवढ्या दोन ओळींवर साहेबांची सही. ते अर्ज मीच टाइप करायची. दर तीन-चार महिन्यांनी एक. शब्द बदलत, मागणं तेच.

एकदा त्यांनी साहेबांना पटवलं की तुम्ही स्वतः दर सोमवारी दहा मिनिटं शॉपमध्ये चला, आधी कुणाला न सांगता. साहेब तयार झाले. पण साहेब केबिनमधून उठले की चहावाल्याला कळतं आणि चहावाल्याला कळलं की शॉपला कळतं. साहेब पोचेपर्यंत सगळ्या पाचरी खिशात. दोन्ही हातांनी शिस्तीत काम चाललेलं. साहेबांनी चारदोन मशिनं बघितली आणि फिरून आल्यावर दोन प्रश्न विचारले. पहिला, “ओव्हाळ, मला तर कुठे पाचर दिसली नाही.” दुसरा शॉपच्या सुपरवायझरला, की आज काम इतकं हळू का चाललंय. त्या दिवशी ओव्हाळ माझ्या समोरच्या खुर्चीत बराच वेळ बसले. पाचरी गेल्या म्हणूनच काम हळू झालं, हे आत जाऊन सांगावं तर खोटं ठरेल, कारण पाचर तर कुणी बघितलीच नाही. त्यांनी डोकं खाजवलं आणि मला विचारलं की हे नेमकं कसं लिहायचं.

कामगार त्यांच्यावर वैतागायचे ते वेगळंच. एकदा मी पगाराच्या कागदावर सह्या घ्यायला शॉपमध्ये गेले होते, तेव्हा मंदामावशी त्यांना सगळ्यांदेखत म्हणाल्या, “भाऊ, तुमी पाचर काढता. आन् टारगेट? ते काय माझी सासू येऊन पुरं करनार हाय? तुमी साहेबाकडनं टारगेट कमी करून आणा. मी ही पाचर माझ्या हातानं चुलीत घालते.”

ओव्हाळांनी मान खाली घातली. मग मावशींच्या डाव्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, “आनतो.” मावशींच्या पाचही बोटांवर हळदीसारखा पिवळट ऑइलचा डाग होता. त्या बोटांचं काही झालं तर घर बसणार, कारण नवरा अंथरुणाला खिळलेला. हे ओव्हाळांना ठाऊक होतं, मला होतं, साहेबांनाही होतं. साहेब तर दिवाळीला मावशींच्या घरी न चुकता मिठाई पाठवायचे.

खंडेनवमीला आमच्याकडे मोठा थाट असतो. मशिनं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. साहेब रेशमी कुर्ता घालून सहकुटुंब येतात. आरती झाली की थोरल्या साहेबांनी आणलेल्या त्या सर्वांत जुन्या प्रेसवर, म्हणजे मंदामावशींच्याच, साहेब स्वतः बसतात. डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, पत्र्याऐवजी लिंबू ठेवायचं, साहेबांनी दोन्ही बटणं दाबायची, लिंबाचा चेंदा झाला की टाळ्या आणि पेढे. याला आमच्यात मुहूर्ताचा ठोका म्हणतात.

ओव्हाळ बौद्ध. ते पूजेत नसायचे, कुंकू लावून घ्यायचे नाहीत, आणि कुणी त्याचं काही मनावर घ्यायचं नाही. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, “पूजा तुमची, तपासणी माझी.” सकाळीच मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचे, एकेक मशीन बघून पाचरी काढायचे. आरती झाली की तेच कुलूप काढून मेन चालू करायचे. पेढे मात्र दोन खायचे.

ओव्हाळांच्या नवव्या वर्षी मी प्रेसपासून आठ-दहा पावलांवर, पेढ्यांच्या टेबलाशी होते. ताटात पेढे लावत होते. ओव्हाळ तपासत तपासत जुन्या प्रेसपाशी आले. मावशींनी तिला चांगली जाड माळ घातली होती, ती पुढच्या बटणांवरून खाली लोंबत होती. ओव्हाळांनी डाव्या बाजूची माळ दोन बोटांनी उचलली. वाकून बघितलं. आणि माळ होती तशी परत सोडली. मग पुढच्या मशीनकडे गेले.

आरती झाली. ओव्हाळांनी कुलूप काढलं, मेन चालू केली. साहेब स्टुलावर बसले. बाईसाहेबांनी लिंबू ठेवलं. उजवा हात साहेबांनी आधीच उजव्या बटणावर ठेवला होता. तेवढ्यात लिंबू घरंगळलं आणि ते सरळ करायला त्यांनी डावा हात आत घातला. उजवा तळवा जरासा दाबला गेला असावा. ठोका पडला.

आवाज नेहमीचाच होता, पण टाळी कुणी वाजवली नाही. साहेब तसेच बसून होते, डावा हात हवेत, चष्म्यावर लिंबाचा रस. मला वाटलं, बोटं गेली. बाईसाहेब तर भिंतीला टेकल्या. मग साहेबांनी हात चेहऱ्यासमोर धरला आणि हळूहळू बोटं हलवली. पाचही होती. कुर्त्याच्या बाहीला मात्र रुपयाएवढं वाटोळं भोक पडलं होतं, वॉशर कापावं तसं नेमकं. रेशमाची ती चकती खालच्या ट्रेमध्ये लिंबाच्या चोथ्यात पडली होती.

मंदामावशी पुढे आल्या आणि माळ बाजूला केली. डाव्या बटणात लाटण्याच्या मुठीची पाचर, तिला हळद, मधोमध कुंकवाचं बोट. खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा करायची असते. मावशींनी आपल्या हत्याराची केली होती. त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि रडायला लागल्या, आता आपली नोकरी गेली म्हणून. ओव्हाळ मशीनच्या बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा मी बघितला. त्यावर भीती होती, हे नक्की. आणखी काही होतं का, ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

दसऱ्याची सुट्टी संपली त्या दिवशी साहेबांनी आल्या आल्या मला आत बोलावलं आणि ओव्हाळांचे जुने अर्ज मागितले. सगळे. मी गठ्ठा नेऊन ठेवला. साहेबांनी सगळ्यांत वरच्यावर सही केली. टार्गेट खाली आलं. पाचर दिसली की कुणीही मशीन थांबवायचं, बोलायचं नाही. शिवाय सगळ्या प्रेसना समोर हात आला की आपोआप थांबणारी नवीन यंत्रणा, तीही मंजूर. नऊ वर्षांचं काम सकाळच्या चहाच्या आत झालं. मंदामावशींना कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांनी शब्द पाळला आणि पाचर चुलीत घातली.

साहेब म्हणत, देवीनेच डोळे उघडले. कामगार म्हणत, भाऊ लय पोचलेला माणूस, साहेबाला बरोबर स्टुलावर बसवला. हे ते हसत, कौतुकाने म्हणत. ओव्हाळांसमोर मात्र कुणी दुसऱ्यांदा म्हटलं नाही, कारण पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते जेवणाचा डबा तसाच टाकून उठून गेले.

त्याच आठवड्यात त्यांनी घटनेचा अहवाल लिहून माझ्याकडे टाइप करायला आणला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सुरक्षा अधिकारी. माळ उचलली, पाचर काढली नाही.’ मी विचारलं, न दिसल्यामुळे की... तर म्हणाले, तेवढंच टाइप करा. साहेबांनी वाचलं आणि हसून म्हणाले, हा माणूस फारच नम्र आहे, हे फाइलला लावू नका. तो कागद अजून माझ्या खणात आहे.

त्यानंतर साहेबांचं दार त्यांना सताड उघडं झालं. ‘मीटिंगमध्ये आहेत’ म्हणायची मला सोयच राहिली नाही. उलट प्रत्येक मीटिंगला साहेबच विचारायचे, ओव्हाळ कुठे आहेत. ओव्हाळ यायचे, कोपऱ्यात बसायचे, विचारलं तेवढंच सांगायचे. मला वाटलं होतं, माणूस आता फुलेल. तो सुकत चालला. माळ उचलली तेव्हा काय झालं असेल, याच्या मनातल्या मनात मी तीन तऱ्हा लावून बघायची. एक, त्यांना पाचर दिसलीच नाही. दोन, दिसली, पण मावशींनी पूजलेली वस्तू आपण कशी काढायची म्हणून ठेवली आणि नंतर विसरले. आणि तिसरी मनात आली की मी तिथेच थांबायची, कारण तिसरी खरी असेल तर या माणसाने एकाची बोटं पणाला लावून बाकीच्यांची वाचवली, आणि त्याला काय म्हणायचं हे मला कळत नव्हतं. प्रत्येक दिवशी वेगळी तऱ्हा खरी वाटायची.

चार-पाच महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. कारण लिहिलं, शेतीकडे बघायचं आहे. साहेबांनी दोनदा थांबवायचा प्रयत्न केला. शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ वगैरे त्यांनी करू दिला नाही. संध्याकाळी नेहमीच्या बसमध्ये चढले. मी त्या दिवशी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. तळेगाव मागे पडल्यावर मी म्हणाले, “ओव्हाळ, खंडेनवमीला तुम्ही ती माळ उचलली होती. मी बघितलं.”

ते दचकले नाहीत. वडगाव आल्यावर अगदी हळू बोलले.

“उचलली व्हती. पिवळं लाकूड दिसलं बी. म्हनलं, मावशीनं पूजलंय, आता काढाय नको, आरती झाल्यावर काढू. मेन तर बंदच व्हती. पन पुढं मीच कुलूप काढलं, मीच मेन चालू केली. तवा पाचर माझ्या ध्यानात व्हती का न्हाई, हे मी लय येळा आटवून बघितलं, ताई. कदी वाटतं, इसारलो. कदी वाटतं, न्हाई, ध्यानात व्हती, आन् मीच म्हनलं, एकडाव साहेबास्नी बी कळू दे. दोन्ही खरंच वाटतंय. साहेबांचा हात गेला असता, तर म्या काय केलं असतं?”

मी म्हणाले, जे झालं ते चांगल्यासाठीच झालं, मावशींचा हात सुरक्षित आहे, सगळ्यांचेच आहेत. ते ऐकत नव्हते. थोड्या वेळाने माझ्याकडे वळले आणि अहवाल भरताना माहिती विचारायचे त्याच सरळ आवाजात त्यांनी विचारलं, “मी माळ उचलताना तुमी बघितलं, म्हनता. मग पाचर बी दिसली आसंल तुमाला.”

दिसली होती. पेढ्यांच्या टेबलावरून ते हळद लावलेलं लाकूड चांगलं स्वच्छ दिसलं होतं. इतकी वर्षं पाचरींचा डबा माझ्या टेबलावर येत होता, मी पाचर ओळखणार नाही होय? बघितली, आणि मनात म्हटलं, ओव्हाळांनी बघितलीय ना, ते बघून घेतील. आणि पेढे लावत राहिले.

मी त्यांना हे सांगितलं नाही. मी खिडकीकडे तोंड केलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

कामशेत आलं. ते उठले, ‘येतो, ताई’ म्हणाले, आणि जपून पायऱ्या उतरले. स्कूटर पलीकडच्या बाजूला लावलेली होती. रस्ता ओलांडायच्या आधी त्यांनी दोन्हीकडे बघितलं, मग परत दोन्हीकडे बघितलं, आणि तिथेच उभे राहिले. दोन्हीकडून एकही गाडी येत नव्हती. ड्रायव्हरने दार लावलं, बस सुटली, तरी ते उभेच होते. काच सरकवून त्यांना हाक मारावी, रस्ता मोकळा आहे, जा, असं ओरडून सांगावं, असं मला फार वाटलं. मी सांगितलं नाही.